खामतानची साक्ष

खामतान काकांना आमच्या गावात कुणी जेवायला बोलवत नाही. लग्नाला नाही, नव्या घराला नाही, कुणाचा मुलगा भिक्खू होतो तेव्हासुद्धा नाही. मेलं मात्र कुणी, की पहिली हाक त्यांनाच. मग हातातला घास टाकून यायचं, आणि जरा उशीर झाला की लोकांची तोंडं वाकडी. त्यांच्या दारात पपईचं झाड आहे. लगडलेलं असतं. पण पपईच्या ठेच्याशिवाय ज्यांचा भात उतरत नाही त्या आमच्या दोन यांग गावातल्या बायका दोन कोस चालून बाजारातून पपई आणतील, त्या झाडाची नेणार नाहीत. त्याला म्हणे प्रेतांची राख घालतात. शेणखत घालतात हो! मी डोळ्यांनी बघितलंय. पण सांगायचं कुणाला?

आमच्या विहाराच्या मागच्या अंगाला दहनाची भट्टी आहे, तिला मेरू म्हणतात. वर सोनेरी टोकदार छप्पर, खाली लोखंडी दार, आत रुळावर सरकणारा लोखंडी ट्रे. काका तो मेरू चाळीस वर्षं चालवत आले. प्रेताचं तोंड नारळाच्या पाण्याने धुवायचं, मनगटं बांधलेला दोरा कापायचा, कोळसा रचायचा, दार लावायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ट्रे ओढायचा आणि पांढऱ्या कापडावर त्या हाडांचा पुन्हा माणूस मांडायचा. डोकं, हात, बरगड्या, पाय. मग घरचे लोक त्यावर सुगंधी पाणी शिंपडतात, फुलं टाकतात, चार हाडं बरणीत घालून नेतात. घरचे रडायला लागले की काका खेकसतात, "रडा, पण लांबून रडा. गरम हाडावर पाणी पडलं की तडकतं. मग मलाच म्हणाल, बापाला फोडलं म्हणून."

दार उघडण्याआधी ते भाताची दारू एक पेला घेतात. एकच. गाव त्यांना बेवडा म्हणतं. गावातले बाकीचे घेतात त्याला काही म्हणत नाही.

आणि सगळे गेले की काका भट्टी साफ करतात. ते मात्र बघण्यासारखं. आधी खराटा, मग पत्र्याची पट्टी, मग ओलं फडकं, आणि शेवटी उघडा तळहात ट्रेवरून आणि विटांच्या फटीफटीतून फिरवायचा. हाताला एक कण लागला तरी पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा विचारलं, "काका, एवढं कशाला? बघतंय कोण?"

"उद्या ज्याला घालायचंय तो बघतो," म्हणाले. "कुणाचा बाप कुणाच्या आईत मिसळता कामा नये. एवढंच माझं काम. जाळायचं काम आगीचं."

अख्ख्या गावात त्यांच्याबरोबर बसून जेवणारं एकच माणूस होतं. माझी मावशी, ओनसी. ती विहारात मैची होती. आमच्याकडे बाईला भिक्खू होता येत नाही. डोकं भादरायचं, पांढरं नेसायचं, आठ शीलं पाळायची आणि भिक्खूंचं स्वयंपाकघर सांभाळायचं. मावशीने अडतीस वर्षं सांभाळलं. मैची दुपारनंतर जेवत नाहीत, म्हणून हाडं वेचून झाली की सकाळीच काका स्वयंपाकघराच्या मागे येऊन उभे राहायचे, आणि ती चिकट भाताची टोपली दोघांच्या मध्ये ठेवून म्हणायची, "खामतान, बस. हात धुतलेस ना? मग बस की." एकाच टोपलीत दोघांचा हात. बाकीच्या मैची तोंड फिरवायच्या. मावशीला ते दिसायचंच नाही. की दिसायचं आणि ती दाखवायची नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

आता मूळ भानगड सांगते.

आमचे थोरले भंते पोचलेले आहेत असं सगळा जिल्हा म्हणायचा. म्हणजे अर्हत. आता हे ठरवायचं कसं? भिक्खूने आपण पोचलो असं खोटंच सांगितलं तर त्याचं चीवर जातं. खरं असलं तरी आपल्यासारख्या संसारी लोकांपाशी बोलायची बंदी. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याने बोलायचं नाही, आणि ज्यांना काही माहीत नाही ते दिवसभर बोलणार. आमचे प्रसर्ट मास्तर, शाळेतून निवृत्त झाले आणि विहाराच्या समितीचे अध्यक्ष झाले, त्यांनी एकदा थोरल्या भंतेंना भर सभेत विचारलं होतं, "भंते, आपण अर्हत आहात का?" भंते म्हणाले, "पिकदाणी भरलीये. आधी ती रिकामी कर." मास्तरांनी हे उत्तर छापून घेतलं. खोल आहे म्हणाले. पिकदाणी खरंच भरली होती, ती मावशीने रिकामी केली.

पण आमच्याकडे एक परीक्षा आहे, मेल्यावरची. अर्हताच्या हाडांचे स्फटिक होतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. राखाडी हाडाचे हळूहळू पारदर्शक दाणे होतात. आणि ते खरे असले तर पाण्यावर तरंगतात, तरंगत एकमेकांकडे सरकतात. भंते वारले. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या आधी आमच्याच मेरूत त्यांचं दहन केलं, बसगाड्या भरभरून माणसं आली. हाडं काचेच्या पेटीत ठेवली. मास्तर रोज सकाळी चष्मा पुसून पेटीत डोकावायचे. नवा स्तूप बांधायचा होता, त्याचा नकाशाही भिंतीवर लागला होता, फक्त हाडं ऐकत नव्हती. वर्ष झालं, वर दोन महिने झाले, राखाडी ती राखाडीच.

भंतेंच्या दहनानंतर अकरा दिवसांनी ओनसी मावशी गेली. सकाळी भात शिजवला, भिक्खूंना वाढला, चुलीशेजारी बसली ती उठली नाही. तिला त्याच मेरूत काकांनी जाळलं. बसगाडी एकही आली नाही. आम्ही घरचे सहाजण होतो. तिची बरणी आईने घरी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली.

पुढच्या वर्षी पितरांना भात वाढायच्या सणाला आईने सुगंधी पाणी शिंपडायला बरणी उघडली आणि किंचाळली. वरच्या हाडांभोवती दाणे होते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, उजेडात धरले की आरपार दिसणारे.

आईने हात जोडले. मी काय केलं? मी बरणी उचलली आणि अनवाणी विहाराकडे सुटले. माझ्या अंगात आलं होतं. अडतीस वर्षं! अडतीस वर्षं जिला "ए मैची, कालवण खारट झालंय" म्हणत होतात, तिची हाडं बघा, आणि तुमच्या काचेच्या पेटीतली बघा! असं मी भर सभागृहात ओरडले. आज वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मास्तर चिडले नाहीत. शांतपणे चांदीची वाटी मागवली, पाणी भरलं, चिमट्याने दाणे एकेक करून पाण्यावर सोडले. दाणे तरंगले. आणि सावकाश सरकत सरकत मधोमध एक झाले. साऱ्या सभागृहाने साधू साधू म्हटलं. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

"सिद्ध झालं," मास्तर म्हणाले. "हे थोरल्या भंतेंचे अस्थिधातू आहेत."

"काय?" मी म्हटलं.

"पोरी, विचार कर. भट्टी एक. भंतेंनंतर तुझी मावशीच आत गेली. भंतेंची काही हाडं फटीत राहिली असणार, ती तिच्या बरणीत आली. तिचं पुण्य थोर, म्हणून तिच्याकडे आली. पण आहेत ती भंतेंची."

"आणि मावशीची नसतील कशावरून?"

मास्तर हसले. वर्गात मठ्ठ मुलाकडे बघून हसायचे तसंच. "अगं तुके, ती भात शिजवायची."

वाटी, दाणे, बरणी, सगळं त्यांनी पेटीशेजारच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझी मावशी! तिच्या बहिणीच्या घरातून आणलेली! आणि आणली कुणी, तर मीच.

आता फक्त कागद हवा होता. भंतेंच्या दहनानंतर भट्टी पुरती साफ झाली नव्हती, असं काकांनी लिहून द्यायचं. पौर्णिमेच्या उपोसथाला, म्हणजे गाव शीलं घ्यायला जमतं त्या दिवशी, सगळ्यांसमोर. नाही दिलं तर मेरूला दुसरा माणूस बघू, असं मास्तरांनी निरोपात घातलं होतं.

मी काकांकडे गेले. ते पपईच्या झाडाला पाणी घालत होते.

"काका, सही करणार?"

"भट्टी साफ होती."

"मग तसंच सांगा. ठणकावून सांगा. म्हणजे दाणे मावशीचेच ठरतात. म्हणजे मावशीच अर्हत होती हे त्यांना कबूल करावं लागेल. त्या मास्तरला तिच्यापुढे डोकं टेकायला लावते की नाही बघा."

काकांनी बादली खाली ठेवली. "तुके, तुला जूत आठवतो?"

आठवत कसा नाही. डुकरं चोरायचा, दारू प्यायचा, आणि बायकोला मारायचा. तिचा हात त्याने दोनदा मोडला होता.

"त्याला मीच जाळला," काका म्हणाले. "त्याची बरणी विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. भिंतीची डागडुजी चालली होती तेव्हा ती तडकली, म्हणून मी नव्या बरणीत भरली. त्याच्या हाडांना पण दाणे आलेत. अस्सेच."

मी आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत नव्हतं. मग म्हटलं, "काका, हे नका सांगू. तुम्हाला भट्टीचं विचारतील. तेवढंच सांगा."

"विचारतील त्याचं उत्तर देईन," म्हणाले, आणि परत बादली उचलली. मला ते उत्तर पुरेसं वाटलं. मला जे हवं तेच मी ऐकलं.

पौर्णिमेला सभागृह गच्च होतं. मास्तरांनी कागद पुढे सरकवला. नवे भंते आसनावर डोळे मिटून बसले होते. ते अवघड वेळेला नेहमी ध्यानाला बसतात.

"खामतान, सही कर."

"हे खोटं आहे," काका म्हणाले. "भट्टी साफ होती. मी हाताने पुसली."

"माणूस आहेस, चूक होते."

"होते. ह्यात नाही झाली."

"पेलाभर चढवली होतीस ना त्या दिवशी?"

"एक घेतली होती. तुमच्या वडिलांना जाळलं तेव्हा पण एकच घेतली होती. त्यांच्या बरणीत कोण आहे असं वाटतं तुम्हाला?"

मागे कुणीतरी हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. "म्हणजे तुझं म्हणणं काय? ती स्वयंपाकीण अर्हत होती? सांग ना सगळ्यांसमोर! स्वयंपाकीण अर्हत, आणि आमचे भंते कोण?"

हाच तो क्षण. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. हात जोडलेले होते माझे.

"मी म्हणालो भट्टी साफ होती," काका म्हणाले. "दाण्यांवरून कोण काय होतं ते मला नाही कळत. तुम्हाला पण नाही कळत. जूतच्या हाडांना पण आलेत दाणे."

सभागृहात असा गलका उठला की नव्या भंतेंनी डोळे उघडले. "थापा!" मास्तर ओरडले. काका उठले, भिंतीपाशी गेले, कोनाड्यातून बरणी घेऊन आले. मग बायकांमध्ये बसलेल्या जूतच्या बायकोसमोर उभे राहिले. "वहिनी, तुझा माणूस आहे. दाखवू का?"

तिने वाकडा हात मांडीवर सारखा केला. "दाखवा. मेल्यावर तरी कुणाच्या कामाला येऊ दे."

मास्तरांनी कुलूप काढून चांदीची वाटी आणली. काका म्हणाले, "ह्यात नाही. ही ओनसीची. दुसरी आणा. मिसळायचं नाही."

दुसरी वाटी आली. जूतचे दाणे पाण्यावर सोडले. तरंगले. सरकत सरकत मधोमध एक झाले. साधू मात्र कुणी म्हटलं नाही.

"मग काय, जूत अर्हत होता?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"माझा हात मोडला तेव्हा होता बहुतेक," त्याची बायको म्हणाली.

लोक आधी हसले, मग बावरले, मग एकमेकांकडे बघायला लागले, कारण प्रत्येकाच्या घरी कुणा ना कुणा भंतेंचे दाणे डबीत घालून ठेवलेले आहेत. मास्तर हुशार माणूस. दोन मिनिटांत सावरले. दाण्यांचे दोन प्रकार असतात म्हणाले, उच्च आणि सामान्य. हे सामान्य. थोरल्या भंतेंची वेळ अजून आलेली नाही, श्रद्धा ठेवा. आणि मावशीचे दाणे परत बरणीत टाकून ती माझ्याकडे ढकलत म्हणाले, "घेऊन जा बाई. ह्यात काही नाही." मग काकांकडे न बघता, "आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

चाळीस वर्षं. एवढ्या एका वाक्यात.

बरणी छातीशी धरून मी काकांच्या मागे चालत होते आणि आतून नुसती जळत होते. मास्तरांवर नाही, काकांवर. त्यांच्या पायरीशी आलो आणि मी फुटले.

"गप्प बसायला काय झालं होतं? एक क्षण! एक क्षण गप्प बसला असतात तर आज सगळं गाव तिच्या पाया पडलं असतं! तुम्ही तिला जूतच्या पंक्तीला बसवलंत! तुमच्याबरोबर जेवायची ती! गावात एकटी! आणि तिचे हे पांग फेडलेत?"

काका कधी आवाज चढवत नाहीत. खेकसतात, पण ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडले.

"आणि तू काय केलंस? तो मास्तर तिला वाटीत घालून तरंगवतो आणि तू हात जोडून बघत बसतेस? ती बुडाली असती तर? तर काय होती ती? नुसती स्वयंपाकीण? मला वाटी लागत नाही ती कोण होती ते कळायला! मी जेवलोय तिच्याबरोबर! तू पण जेवलीस ना, लहानपणापासून? मग तुला कशाला लागते वाटी?"

त्यांनी माझ्या हातातली बरणी घेतली, पायरीवर स्वच्छ पंचा अंथरला आणि हाडं हळूच त्यावर काढली. दाण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. खालून एक मोठा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"काय आहे हे?"

"हाड."

"मणके आहेत. किती?"

मी बघितलं. एकच दिसत होता. बोट फिरवलं तेव्हा कळलं, दोन होते. एकात एक घुसून घट्ट झालेले, कडेला हाडाचे काटे आलेले.

"जाळण्याने असं होत नाही," काका म्हणाले. आवाज उतरला होता. "हे आयुष्यभर पाण्याच्या घागरी वाहिल्याने होतं. असले तिचे तीन जोड होते. मी मांडताना बघितले. दहा-बारा वर्षं तिला कूस बदलता आली नसेल. खाली बसताना, उठताना... मी रोज समोर बसून जेवायचो, मलाही कळलं नाही. मेल्यावर कळलं. तुला कधी बोलली का ती?"

"नाही."

"तू विचारलंस का कधी?"

मावशी गेली त्याच्या आदल्या वर्षावासात मी विहारात दान द्यायला तांदळाचं पोतं नेलं होतं. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत एकवीस पायऱ्या आहेत. मावशी सामोरी आली आणि म्हणाली, तुके, दमलीस, दे इकडे. मी दिलं. ती पोतं पाठीवर घेऊन चढत होती, आणि मी फोनवर बोलत तिच्या पुढे चालले होते.